गेटासमोरची पांढरी गाडी

“गाडी कुणाची?”

“माझी,” ज्योतीराम म्हणाला, आणि म्हणताना सवयीनं त्याची मान ताठ झाली.

आता काय म्हणावं या माणसाला! समोर हवालदार उभा. रस्त्यावर लाल काचेचा चुरा पडलेला, स्कूटर आडवी, तिच्या हुकाला अडकवलेला डबा उघडून भाकरी डांबरावर सांडलेली. आणि हा गडी छाती पुढं काढून सांगतोय, माझी म्हणून. पण वर्षभर हा प्रश्न त्याला ज्यानं त्यानं कौतुकानंच विचारला होता. गावाकडून आलेल्या मेव्हण्यानं विचारला होता, घरमालकिणीनं विचारला होता, त्याच्या लेकीला, दिव्याला, बघायला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा चहाचा घोट घेता घेता विचारला होता. उत्तर जिभेवर तयारच असायचं. ते बाहेर पडून गेलं, आणि मग त्याला हवालदाराच्या हातातलं पेन दिसलं.

थंडीचे दिवस होते. पहिल्या शिफ्टची वेळ. इंद्रायणीकडून आलेलं धुकं चिखलीतल्या त्या वर्कशॉपच्या गल्लीत भरून राहिलं होतं आणि कोपऱ्यावरचा दिवा नेहमीप्रमाणे बंद होता. तेजल नावाची एक बाई नदीपलीकडच्या निघोज्याहून स्कूटरवर कामाला येत होती. समोरून कंटेनर आला, त्याला वाट द्यायला तिनं स्कूटर डावीकडं घेतली, आणि पांढऱ्या धुक्यात उभी असलेली पांढरी गाडी तिला दिसलीच नाही. ज्योतीराम तेव्हा शटर उघडत होता. आवाज ऐकून तोच पहिला धावला. गळ्यातला मफलर काढून त्यानं तिच्या पायाला बांधला, एक रिक्षा हात आडवा घालून थांबवली, तिला उचलून आत बसवलं आणि दवाखान्यात पोचवूनच परत आला. येऊन बघतो तर हवालदार जयसिंग गाडीभोवती चक्कर मारत होते.

“चालू आहे का गाडी?”

“नाही साहेब. इंजिन बसलंय तिचं. उभीच ऱ्हाती.”

“इन्शुरन्स?”

“उभ्या गाडीला कशाचा इन्शुरन्स, साहेब?”

जयसिंगांनी पेन थांबवून त्याच्याकडं बघितलं. असे लोक त्यांनी पुष्कळ पाहिले असावेत. “दुपारी चौकीला या,” एवढंच ते म्हणाले.

आता ही गाडी ज्योतीरामची कशी झाली ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

ज्योतीराम सगर मूळचा लातूरकडचा, औसा तालुक्यातला. मिसरूड फुटायच्या वयात इकडं आला आणि दादासाहेबांच्या हाताखाली लागला तो लागलाच. दादासाहेब चिखलीतलेच. त्यांनी बापाच्या ज्वारीच्या रानात पत्र्याची शेड मारून प्रेस शॉप काढलं, म्हणजे मशिनखाली पत्रा दाबून मोटारींचे लहानमोठे भाग काढायचं काम, तेव्हा पहिल्या मशिनवर ज्योतीराम होता. दादासाहेबांच्या वडिलांना दवाखान्यात न्यायला ज्योतीराम, लेकीच्या लग्नात पंगतीत वाढायला ज्योतीराम, गावजत्रेला त्यांच्या घरी मंडप घालायला ज्योतीराम. “ह्यो काय कामगार हाय व्हय? आपल्या घरचा माणूस हाय त्यो,” असं दादासाहेब चारचौघांत म्हणायचे, आणि ज्योतीरामला पगारवाढ मिळाल्यासारखं वाटायचं. खरी पगारवाढ मागायची मग त्याला लाज वाटायची.

गेल्याच्या मागच्या पावसाळ्यात महाळुंग्याच्या एका कंपनीतून त्याला बोलावणं आलं होतं. जुन्या ओळखीच्या माणसानं शब्द टाकला होता. बसची सोय, कँटीन, फंड, सगळं रीतसर. “जावा,” अनिता म्हणाली होती, “एवढी वर्षं दुसऱ्याचं घर आपलं म्हणलाव, आता जरा आपल्या घराचं बघा.” बायकोचं त्याला पटलंही होतं. ही बातमी दादासाहेबांच्या कानावर गेली होती की नाही, देव जाणे. पण त्या वर्षीची खंडेनवमी ज्योतीराम जन्मात विसरणार नाही. मशिनी धुऊनपुसून हळदकुंकू लावलेलं, झेंडूच्या माळा, सगळी पोरं अंघोळ करून धुतल्या कपड्यांत. पूजा झाली, आणि दादासाहेबांनी ज्योतीरामला पुढं बोलावून त्याच्या ओंजळीत नारळ ठेवला. नारळावर किल्ली होती.

“ज्योती, ती पांढरी गाडी आजपासनं तुझी. रीतसर नावावर करून देतो. आपल्या माणसाला आपण न्हाई द्यायची तर कुणी द्यायची?”

काय टाळ्या पडल्या! ज्योतीरामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. किसननं, त्याच्या शेजारच्या मशिनवरच्या पोरानं, त्याला खांद्यावरच उचललं. महाळुंग्याचा विषय त्या टाळ्यांतच बुडाला. असल्या मालकाला सोडून जायचं म्हणजे माणसानं आरशात तोंड कसं बघायचं?

दादासाहेबांनी त्याच सुमाराला नवी उंच गाडी घेतली होती, आणि जुनी पांढरी गाडी बरेच महिने गेटासमोर बंद उभी होती, ही गोष्ट खरी. पण ती तिथं उगीच उभी नव्हती. त्या गल्लीची एक रीत आहे. रस्ता अरुंद, शेडी रस्त्याला लागून. माल भरायला टेम्पो आला की गेटासमोर जागा लागते, आणि मोकळी जागा दिसली की कुणीही येऊन आपली गाडी लावून निघून जातो. म्हणून जो तो आपल्या गेटासमोर काहीतरी मोडकं उभं करून जागा धरून ठेवतो. कुणाची बिनइंजिनाची रिक्षा, कुणाचे डांबराचे ड्रम, कुणाची जुनी चहाची गाडी. आपला टेम्पो आला की चार पोरं ते ढकलून पुढं सारतात, टेम्पो गेला की ओढून पुन्हा जागेवर. दादासाहेबांच्या गेटासमोर हे काम पांढरी गाडी करायची. ज्योतीरामच्या नावावर झाल्यावरही तीच करत राहिली.

त्यानं एकदा तिला घराकडं न्यायचं काढलं होतं. घराला लागून घरमालकिणीची मोकळी जागा होती, कुंपणाच्या आतली, आणि ती म्हातारी हो म्हणाली होती. दादासाहेबांनी ऐकलं आणि म्हणाले, “कशाला हलवतोस? ऱ्हाऊ दे की हितंच. जागा बी धरून ऱ्हाती अन् तुझ्या नजरंसमोर बी ऱ्हाती.” ज्योतीरामला ते पटलं. त्याला दादासाहेबांचं सगळंच पटायचं.

उन्हाळ्यात विमा संपत आला. गाडी नावावर होताना तो चालू होता, त्याशिवाय आरटीओत नावच बदलत नाहीत. ज्योतीराम केबिनमध्ये विचारायला गेला तर दादासाहेब खळखळून हसले. “अरे येड्या, ती काय पळती का रस्त्यावर? उभ्या गाडीला कशाचा विमा? दिवाळीत इंजिनचं काम काढू, मंग एकदमच उतरवू.” ज्योतीरामही हसला. आपण किती अडाणी, असं त्याला वाटलं. दिवाळी आली, गेली. इंजिनचं कुणी नाव काढलं नाही, आणि फुकट मिळालेल्या गाडीबद्दल तगादा लावायचा म्हणजे कसंसंच, म्हणून त्यानंही काढलं नाही.

गुरुवारी वर्कशॉपला सुट्टी असायची. त्या दिवशी गल्ली रिकामी. ज्योतीराम बादली घेऊन यायचा, गाडी धुवायचा, वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरनं चाकांत हवा भरायचा, मागच्या चाकाला लावलेला काळा दगड काढून पुसून पुन्हा लावायचा. दगड कशाला पुसायचा, हे त्यालाच ठाऊक. मग अनिता डबा घेऊन यायची आणि नवरा-बायको गाडीत बसून जेवायची. तो स्टिअरिंगमागं, ती शेजारी, काचा खाली. पुढं पत्र्याची शेड आणि भंगाराचा ढीग, पण बोलणं तुळजापूरचं चालायचं.

“सोलापूर रोडनी गेलं की बरं,” तो म्हणायचा. “मधी भिगवणला चहा घिऊ.”

“आधी चालवायला शिका,” अनिता ठेच्याची पुडी सोडत म्हणायची. “भिगवण जागचं हलत नाही, अन् गाडी बी हलत नाही.”

किसन कधी वाटेनं जाताना दिसला तर ओरडायचा, “काय मामा, गिअर टाका की!” आणि ज्योतीराम खरोखरच हॉर्नवर हात दाबायचा. बॅटरी नव्हती, हॉर्न वाजायचा नाही. तरी तिघंही हसायची.

तर अशी ती गाडी.

दुपारी चौकीत जयसिंगांनी त्याला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं. माणूस वाईट नव्हता.

“हे बघा, गाडी पळते का उभी, चालू का बंद, हा प्रश्नच नाही. सार्वजनिक रस्त्यावर तिची चाकं टेकलीत ना? मग निदान थर्ड पार्टी विमा पाहिजेच. म्हणजे तुमच्या गाडीपायी दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई. विमा असता तर विमा कंपनीनं दिली असती. नाही, म्हणून ती ज्याच्या नावावर गाडी त्याच्या गळ्यात. विमा नको असेल तर गाडी आपल्या आवारात, कुंपणाच्या आत ठेवायची. रस्त्यावर नाही.”

कुंपणाच्या आत. ज्योतीरामला घरमालकिणीची मोकळी जागा आठवली. म्हातारीनं तिथली तुळस हलवून वाट करून ठेवली होती.

“आणि दुसरं,” जयसिंग म्हणाले. “लोकांना धोका होईल अशी गाडी रस्त्यात उभी केली, हा गुन्हा वेगळा. तो कुणावर लिहायचा ते मला बघायचंय. तिथं गाडी तुम्ही ठेवली?”

“शेठनी ठेवायला लावली, साहेब. टेम्पोची जागा धरायला. मी तर घरी न्यायलो होतो.”

“मग शेठना घेऊन या. त्यांनी माझ्यासमोर एवढंच म्हणायचं, की गाडी माझ्या सांगण्यावरून, माझ्या कामासाठी तिथं उभी होती. मी जबाब लिहून घेतो. पुढं भरपाईच्या दाव्यातही त्यांचं नाव येईल, सगळा बोजा एकट्या तुमच्यावर राहणार नाही. नाही म्हणाले, तर तुमचं नाव आहेच.”

ज्योतीरामचा जीव भांड्यात पडला. एवढंच? एक वाक्य? ते तर दादासाहेब चालता चालता म्हणतील.

आणि दादासाहेब म्हणालेच तसं. केबिनमध्ये त्याला खुर्चीवर बसवून चहा मागवला. “घाबरतोस कशाला? येतो की मी. किसनला बी घेऊन येतो, रोज गाडी ढकलणारा त्योच. तुला एकट्याला सोडीन व्हय मी? परवा जाऊ.”

“परवा का?” रात्री भाकरी वाढताना अनितानं विचारलं. “आज का नाही?”

“त्यांना कामं असतेत.”

“शेठचा फोन आला की तुम्ही हातातला घास टाकून पळालाव आजपस्तोर. आता ते तुमच्यासाठी पायात चप्पल घालतेत का, बघू.”

“तुला ना, माणसंच कळत नाहीत,” ज्योतीराम चिडून म्हणाला.  तिनं आमटीची वाटी जरा जोरात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. तेजलच्या पायात सळई घातली होती, ती डोळे मिटून पडली होती. बाहेरच्या बाकावर तिचा नवरा नवनाथ बसलेला. निघोज्याच्या शेतकरी घरातला पोरगा, दांडगा, हाताला मोठमोठे पंजे. हा आता गचांडी धरणार, असं वाटून ज्योतीराम दोन पावलं लांबच उभा राहिला. नवनाथनं पिशवीतून मफलर काढला.

“काका, तुमचाच हाय ना ह्यो? धुऊन आणलाय. रगत पुरतं न्हाई निघालं.”

ज्योतीरामनं मफलर घेतला. त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“आमाला भांडायचं न्हाई, काका,” नवनाथ म्हणाला. “तुमी नसता तर ती तिथंच पडून ऱ्हायली असती. पर तिचं काम लाइनवर उभ्यानं हाय. डॉक्टर म्हणत्यात, वरीसभर तरी उभं ऱ्हायाचं न्हाई. दावा तर टाकावाच लागंल. गाडी तुमची म्हणत्यात, खरं व्हय?”

“नावावर हाय,” ज्योतीराम म्हणाला. ‘माझी’ म्हणायला जीभ रेटली नाही. पहिल्यांदाच.

“ती गाडी तिथं कोण ठेवतं ते समदी गल्ली जाणती. शेठ बोलतील का तसं?”

“बोलतील. उद्याच बोलायलेत. मला घरचा माणूस म्हणतेत ते.”

आतून तेजलचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते, पण ती जागी होती. “म्हणत्यात ना? मंग बरं हाय.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ज्योतीरामनं कितीदा आठवून पाहिलं, खरंच नव्हता.

ठरल्या दिवशी दादासाहेब आले. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, बरोबर किसन. नवनाथही येऊन कोपऱ्यात उभा होता. ज्योतीरामनं घाईघाईनं खुर्ची पुढं केली, आणि आपण चौकीत आहोत, वर्कशॉपात नाही, हे लक्षात येऊन ओशाळला. जयसिंगांनी कागद पुढं ओढला.

“बोला. ती गाडी तुमच्या गेटासमोर कशी?”

दादासाहेबांनी घसा साफ केला.

“साहेब, हा ज्योतीराम आमच्याकडचा जुना कामगार.”

कामगार. ज्योतीरामनं तो शब्द ऐकला. पुढचं सगळं त्याला तिथंच कळलं होतं, पण मन मानेना.

“गाडी त्याची. मी कवाच त्याच्या नावावर केली, खंडेनवमीला, समद्यांसमोर. मी तर किती डाव म्हणलं, बाबा, ती रस्त्यातनं हलव, कुणाला तरी लागंल. विमा काढ म्हणून बी सांगितलं. पर त्याच्या घरी जागा न्हाई. गरीब माणूस, म्हणून मी बी गप ऱ्हायलो. तेवढी चूक माझी.”

“टेम्पोसाठी जागा धरायला तुम्ही ती ठेवत होता, असं ह्यांचं म्हणणं आहे.”

“टेम्पो आला की पोरं सारत्यात बाजूला. करणार काय? गेटात आडवी गाडी.”

जयसिंगांनी किसनकडं बघितलं. “काय रे? खरं?”

किसनचं लक्ष फरशीवर होतं. खंडेनवमीला ज्योतीरामला खांद्यावर घेऊन नाचलेला किसन. “व्हय साहेब,” तो म्हणाला. “मामांचीच गाडी.”

“शेठ!” ज्योतीराम उठून उभा राहिला. “तुम्हीच म्हणलाव की, ऱ्हाऊ दे हितंच म्हणून! उभ्या गाडीला कशाचा विमा, म्हणून तुम्हीच हसलाव मला! केबिनमधी! आठवा जरा!”

“ज्योती,” दादासाहेब अगदी मायेनं म्हणाले, “ह्या वयात खोटं बोलू नगं रे. शोभतं का तुला?”

आणि गंमत बघा, ज्योतीरामला राग आला नाही. राग नंतर आला, पुष्कळ आला, पण त्या घडीला त्याला लाज वाटली. आपल्यासाठी नव्हे, दादासाहेबांसाठी. ज्या माणसाच्या बापाला आपण पाठीवर घेऊन दवाखान्याचा जिना चढलो, तो माणूस एवढ्या लोकांत असा उघडा पडलाय आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही, याची लाज. तो खाली बसला. जयसिंगांचं पेन चालू लागलं. नवनाथ कोपऱ्यातून एकदा दादासाहेबांकडं आणि एकदा ज्योतीरामकडं बघून बाहेर निघून गेला.

बाहेर नव्या उंच गाडीजवळ दादासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“मनाला लावून घिऊ नकोस. माझी बी अडचण समजून घे. मोठ्या कंपनीचे लोक महिन्याला तपासायला येत्यात. पोलिसात नाव गेलं की ऑर्डर बंद. मंग किसन कुठं जायचा, तू कुठं जायचा? तुला काय कमी पडू देतो व्हय मी? उद्या ये कामाला.”

“एक विचारू का, शेठ?”

“विचार की.”

“ती गाडी मला दिलाव तवा, नारळ दिलाव तवा... तवाच असं काही मनात होतं का?”

दादासाहेबांनी दार उघडलं. “काय बोलतो रे!” ते म्हणाले आणि आत बसले. होय म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. गाडी वळवून निघून गेले.

हेच त्याला जास्त लागलं. समोरासमोर खोटं बोलले ते सोसलं असतं. पण आता मागचं सगळंच नासलं होतं. नारळ, किल्ली, टाळ्या, डोळ्यांतलं पाणी, गुरुवारचा डबा, एकेक गोष्ट काढून बघावी तर तिला वास येत होता. आणि महाळुंगे! तिकडचं बोलावणं आलं आणि पाठोपाठ ही किल्ली आली, हे त्याला आत्ता जोडता आलं.

अनितानं सगळं ऐकून घेतलं. तो वाट बघत होता, आता ही म्हणेल, मी सांगितलं नव्हतं? ती तसं म्हणाली नाही. डोळे पुसले आणि म्हणाली, “गाडी नव्हती दिली त्यांनी. दावं बांधलं होतं गळ्यात.” मग भांडी आवरताना म्हणाली, “त्या पोरीचा पाय बरा होऊ द्या, माय. बाकी जे व्हायचं ते होईल.”

पोलिसांची क्रेन आली आणि गाडी घेऊन गेली. पुढची दोन चाकं वर, मागची दोन रस्त्यावर. वर्षभर गल्लीबाहेर न गेलेली गाडी चांगली वेगात गेली. काचेला दसऱ्याची माळ वाळून चिकटली होती, ती कोपऱ्यावरच्या खड्ड्यात गळून पडली. गल्लीतल्या लोकांनी बघितलं. कुणी काही बोललं नाही, कारण प्रत्येकाच्या गेटासमोर काही ना काही उभंच होतं.

ज्योतीराम कामाला गेला. कुणी म्हणेल, कशाला गेला? जाऊ नये तर करावं काय? दावा चालायचा होता, वकील करायचा होता, दिव्याचं लग्न अजून ठरायचं होतं, महाळुंग्याची जागा कधीच भरली होती. या वयात नव्या दारात कोण उभं करतं? तो गेला आणि मशिनवर बसला. किसननं त्याचा चहाचा कप आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

उन्हं वर आल्यावर केबिनच्या दारातून हाक आली. नेहमीसारखीच, मोकळी, मायेची. जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

“ज्योती! आपला टेम्पो मोशीच्या चौकात पोचलाय. गेटासमोर कुणी गाडी घालायच्या आत जरा जाऊन उभा ऱ्हा. जागा धर तेवढी.”

आणि तो उठला. एवढ्या वर्षांची सवय. हात पुसले, बाहेर गेला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला. पायाखाली तेलाचा काळा डाग होता. बाजूला तो दगड होता, मागच्या चाकाचा, क्रेनवाल्यांनी लाथेनं सारलेला. ज्योतीराम बरोबर गाडीच्या जागी उभा होता. ते त्याच्या ध्यानात आलं, आणि तो तसाच उभा राहिला.

वळणावरून एक अनोळखी पिकअप आली. मागं लोखंडी सळ्या. ड्रायव्हर परका दिसत होता, गल्लीत जागा शोधून वैतागलेला. त्यानं डोकं बाहेर काढलं.

“भाऊ, ही जागा कुणाची हाय का?”

या प्रश्नाचं उत्तरही ज्योतीरामच्या जिभेवर कायमचं बसलेलं होतं. ‘आमची हाय, पुढं घ्या,’ असं तो शेकडो वेळा ओरडला होता. आता ते आलं नाही. त्यानं घसा खाकरला.

“कुणाची नाही,” तो म्हणाला. “सरकारी रस्ता हाय. लावा.”

“नक्की? मागनं कुणी बोंबलणार न्हाई ना?”

“बोंबलू द्या. इन्शुरन्स हाय ना गाडीचा?”

“हाय की!” ड्रायव्हर चक्रावून म्हणाला.

“मग लावा निवांत.”

ज्योतीराम बाजूला झाला आणि हात करून त्याला मागं घेऊ लागला. “येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं जरा... बस्स!” गेटाच्या आतून दादासाहेबांची हाक आली, “अरे ज्योती, आपली जागा! ए ज्योती!” किसन दारात येऊन उभा राहिला. कोपऱ्यावर त्यांचा टेम्पो दिसू लागला होता, हॉर्न वाजवत.

रस्त्याला तिथं थोडा उतार होता. ज्योतीरामनं वाकून तो काळा दगड उचलला, तळहातानं पुसला, आणि पिकअपच्या मागच्या चाकाला नीट लावला.